लायनने काढलेली शाळा

माझं काम काय होतं, असं कुणी मराठी माणसाने विचारलं की मी आधी त्याच्या ताटाकडे बघते. ताटात मासळी-मटण दिसलं तर खरं सांगते, वरण-भात दिसला तर "फूड प्रोसेसिंगमध्ये होते" म्हणते. इकडे परदेशात, सस्काटूनच्या गणपतीत कित्येक वर्षं लोक मला फूड सायंटिस्ट समजत होते. एका काकांनी तर लोणच्याला बुरशी का येते ते विचारलं, आणि मीही गंभीर चेहऱ्याने मीठ कमी पडत असेल असं सांगितलं. प्रसादाच्या रांगेत उभं राहून "मी हरणं कापते" हे सांगायला बरी वेळ कोणती, तुम्हीच सांगा.

आता दिवाळी अंकात छापूनच टाकते. मी कार्मेलिन, माहेर-सासर दोन्ही वसई, आणि धंद्याने खाटीक. नवऱ्याला, म्हणजे शिलूला, इथल्या पोटॅशच्या खाणीत नोकरी लागली म्हणून आम्ही सस्काटूनपासून तासाभरावरच्या एका चिमुकल्या गावात येऊन पडलो. गावात एक चर्च, एक ग्रोसरी, एक पेट्रोल पंप आणि डेव्हचं दुकान. शिकारी हरणं मारून आणायचे आणि डेव्ह ती कापून, पाकिटं करून द्यायचा. हाताखाली माणूस पाहिजे अशी पाटी बघून मी आत गेले. अनुभव काय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी अख्खी आळी मिळून डुक्कर कापते, मी बापाच्या शेजारी बसून सुरी धरायला शिकले. त्याने माझ्यापुढे हरणाची एक तंगडी टाकली, थोडा वेळ बघत उभा राहिला आणि अंगावरचा अ‍ॅप्रन काढून माझ्या हातात दिला. मग दुसरा अ‍ॅप्रन शोधायला गेला.

धंदा तसा सोपा आहे. नोव्हेंबरात हरणाचा सीझन असतो. शिकारी हरीण पाडतो आणि तिथल्या तिथे पोट उघडून आतडी-कोठा बाहेर काढतो, कारण अंगातली ऊब आत राहिली की मटण गेलंच. काळीज आणि हृदय घरी कांद्यावर परतायला पिशवीत घालतो आणि बाकीचं हरीण आमच्याकडे आणतो. आम्ही ते कोल्डरूममध्ये टांगून ठेवायचं, मुरलं की सोलायचं, तुकडे करायचे, सॉसेज भरायचं, पांढऱ्या कागदात बांधायचं. रानातलं मटण विकायला कायद्याने बंदी. ज्याचं हरीण त्यालाच परत. त्यामुळे आमचं सगळं कसब कापण्यापेक्षा याचं हरीण त्याला न जाण्यात. आणि एवढं करूनही प्रत्येक गिऱ्हाइकाची खात्रीच असायची की आम्ही त्याचं हरीण बदललं. रानात पाडलेलं प्रत्येक हरीण दुकानात पोचेपर्यंत आटतं, हे मी पहिल्याच सीझनला शिकले.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक बाई पाकिटांवर 'बीफ' असा शिक्का मारून मागायची, कारण मुलांना हरीण म्हटलं की रडू यायचं. एक गडी रोज दुपारी आपल्या हरणाला भेटायला यायचा. कोल्डरूममध्ये टोपी काढून दोन मिनिटं उभा राहायचा आणि आमचे आभार मानून जायचा. घरी माझी मुलगी मला दारातच थांबवायची. "मॉम, यू स्मेल लाइक अ डिअर. शॉवर फर्स्ट, देन हग." मी एकदा सॉसेजच्या खिम्यात वसईहून आणलेला मसाला घातला. डेव्हने जीभ पोळून घेतली, दोन ग्लास पाणी प्यायला आणि बाहेरच्या बोर्डावर 'कार्मेलिन स्पेशल' असं लिहिलं. पुढच्या आठवड्यापासून मोठमोठे बाप्ये डोळ्यांतून पाणी काढत तेच मागायला लागले.

आता मुद्द्याचं सांगते. दोन हजार सोळाच्या आसपासची गोष्ट. आमच्याकडची हरणं दिसेनाशी झाली. म्हणजे येत होती, पण पूर्वीसारखी नाहीत. पहाटेपासून झाडावर बसून शिकारी रिकाम्या हाताने परत यायचे आणि आमच्या दुकानात कॉफी पीत भांडायचे. भांडणाचा विषय एकच, लायन.

लायन म्हणजे कूगर. नाव सिंहाचं, पण आयाळ नाही आणि डरकाळीही नाही. मातकट रंगाचं, माणसाच्या वजनाचं, लांब जाड शेपटीचं मांजर. मी वसईला बहिणीला फोनवर 'वाघ' असंच सांगितलं, कारण मांजर म्हटलं असतं तर ती घाबरली नसती. आमच्या भागात ते आलंय असं अर्धं गाव म्हणायचं, पण स्वतः पाहिलेला एकही माणूस सापडत नव्हता. सगळ्यांच्या मेव्हण्यांनी मात्र पाहिलं होतं.

दुकानात दोन पक्ष होते. एका पक्षाचा पुढारी रिक. हा ट्रक दुरुस्तीचं गॅरेज चालवायचा आणि त्याला लायनची इत्थंभूत माहिती होती. सगळी हरणं लायननेच खाल्ली, असं त्याचं म्हणणं. किती खातं, तर आठवड्याला एक. कॉफीचा दुसरा कप झाला की दिवसाआड एक. दुसरा पक्ष म्हणायचा, लायन-बियन काही नाही, कुणाचा तरी पिवळा कुत्रा असेल. हरणं कमी झाली ती कडक हिवाळ्याने, आणि ज्याला नेम धरता येत नाही त्याला लायन दिसतं. बाजारात तुरी अशातली गत. रिक लालबुंद व्हायचा. वाइल्डलाइफ ऑफिसला त्याने इतके फोन केले होते की तिथली ऑफिसर त्याचा आवाज ओळखून आधीच म्हणायची, "पुरावा आणा, रिक."

तिसरा पक्ष एका माणसाचा होता, वॉल्टरचा. ऐंशीला टेकलेला, बायको गेलेली, गावाबाहेरच्या आपल्या शेतघरात एकटा राहणारा. जमीन खंडाने दिलेली, पण नोव्हेंबर आला की तपकिरी कॅनव्हासची विजार चढवून, कानटोपी घालून हा रानात. चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसायचा आणि मी गाताना सूर चढवला की मागे वळून बघायचा. मला त्याचं म्हणणं सगळ्यांत पटायचं.

"लायन आहे," वॉल्टर म्हणायचा. "पण ते खाऊन खाऊन किती खाणार? एक खातं आणि बाकीच्यांना शहाणं करतं. आधी हरणं बावळट होती, मीही बावळट होतो, आमचं जमायचं. आता लायनने त्यांची शाळा काढलीय. मान वर ठेवून चरतात, झाडीत झोपत नाहीत, एकटं कुणी फिरत नाही. लायन माणसांना बुजतं ना, म्हणून घरांच्या जवळ येऊन राहतात. मला मात्र त्या शाळेत कुणी घेतलं नाही."

याला पुरावा आम्ही दर रविवारी बघत होतो. चर्चच्या मागच्या हिरवळीवर, दिव्याच्या खांबाखाली हरणांचा कळप येऊन बसायचा. गावात गोळी झाडायला बंदी. मिस्सा संपली की आठवडाभर रान तुडवून हात हलवत आलेले सगळे शिकारी बायकांसोबत पायरीवर उभे राहायचे आणि ती हरणं रवंथ करत त्यांच्याकडे बघायची. काखेत कळसा म्हणतात तो हाच. एकदा फादर म्हणाले, इतक्या भक्तिभावाने तुम्ही आत कधी बसत नाही.

इतकं हसण्यावारी चाललं होतं, पण वॉल्टरसाठी ते हसणं नव्हतं. त्याची मुलगी डोना सस्काटूनला राहायची. वडिलांनी एकट्याने रानात जाऊ नये म्हणून ती जिवाचं रान करत होती. दोन सीझन वॉल्टरला हरीण मिळालं नव्हतं. तो म्हणे लायन, ती म्हणे डोळे आणि वय. शेवटी त्या वर्षी आमच्याच दुकानात, माझ्यासमोर, दोघांचा करार झाला. डोना म्हणाली, "डॅड, या सीझनला तुमचं एक हरीण या दुकानात आलं तर मी परत तोंड उघडणार नाही. नाही आलं तर बंदूक माझ्याकडे आणि तुम्ही हिवाळाभर माझ्या घरी." वॉल्टरने तिच्याशी हात मिळवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कार्म, एक हूक मोकळा ठेव."

मी ठेवला. कोल्डरूमच्या कोपऱ्यातला हूक, कुणाचंही हरीण तिथे टांगू दिलं नाही. डेव्ह कुरकुरला, मी ऐकलं नाही. सीझन सरत आला तरी तो हूक रिकामाच. वॉल्टर दुकानात यायचा, कॉफी घ्यायचा, हुकाकडे बघायचं टाळायचा. मलाच कसंतरी व्हायचं. शिलू म्हणाला, "अगं, तू कशाला टेन्शन घेते? तुझा पप्पा आहे का तो?" माझे पप्पा वसईला खुर्चीत बसून होते, पायांनी अधू, आणि त्यांची सुरी कपाटात पडलेली होती. दुसऱ्या दिवशी मी तो हूक पुसून ठेवला.

सीझनच्या शेवटच्या शनिवारी सकाळी बाहेर हॉर्न वाजायला लागले. बघते तर रिकचा ट्रक पुढे, मागे चार-पाच गाड्या, वरात निघाल्यासारखी. ट्रकच्या हौद्यात गवत-बर्फात माखलेलं, पोटावर दुमडून थिजलेलं एक मोठं नर हरीण. रिकच्या तोंडावर असा आनंद की त्याच्या पहिल्या पोराच्या वेळीही झाला नसेल.

"लायनची शिकार," तो म्हणाला. "पुरावा."

मग त्याने हौद्यात चढून आम्हाला सगळी लक्षणं समजावली. लायन हरणाचं नरडं धरतं, आणि हे बघा, मानेवर रक्त गोठलंय. पोट उघडतं, आधी काळीज आणि हृदय खातं, आणि हे बघा, दोन्ही गायब. कोठा ओढून बाजूला टाकतं, कारण त्याला तो आवडत नाही. कोठा दहा पावलांवर पडलेला त्याने स्वतः पाहिला होता. आणि सगळ्यांत पक्की खूण, उरलेल्या शिकारीवर लायन गवत-पाचोळा ओढून झाकून ठेवतं, उद्या येऊन खायला. आपण रात्रीच्या कालवणावर ताट झाकतो तसं. हे हरीण असंच नीट झाकलेलं सापडलं होतं. पोटाच्या कडा कोल्ह्या-कावळ्यांनी कुरतडलेल्या, वरून आठवडाभराचं बर्फ. शंका घ्यायला जागाच नव्हती. कुत्रापक्षाचे लोक टोप्या खाजवत उभे राहिले. मीसुद्धा मान डोलावली, इतकंच नाही तर शहाण्यासारखी म्हणाले की काय सफाईने पोट उघडलंय, नखं आहेत की सुऱ्या.

ऑफिसर सोमवारी येणार होती. मानेवर सुळ्यांच्या खुणा दिसायला हव्यात म्हणून तोवर हरीण कोल्डरूममध्ये ठेवून, सैल झालं की मानेपासून सोलून ठेव, असं तिने फोनवर मला सांगितलं. हरीण आत नेलं. सगळे हूक भरलेले. मोकळा होता तो एकच. मला तिथे लायनचं हरीण टांगायचं नव्हतं, पण करते काय.

या सगळ्या गोंधळात वॉल्टर दाराशी उभा होता. लायन आहे हे एवढी वर्षं सांगणारा माणूस, त्याने तर नाचायला हवं होतं. तो फक्त म्हणाला, "चांगलं हरीण आहे," आणि रिकला नेमकी जागा विचारून निघून गेला. मला वाटलं, लायन खरं ठरलं तरी स्वतःचं हरीण नाहीच आलं, म्हणून खट्टू झाला असेल.

रविवारी मिस्सेनंतर मी दुकानात गेले. हरीण सैल झालं होतं. मानेचं कातडं सोलण्याआधी थिजलेलं पोट जरा उघडून बघावं म्हणून बरगड्या फाकवल्या, तर आतून गोठलेल्या बर्फासकट काहीतरी खण्णकन फरशीवर पडलं. उचललं. विलोच्या झाडाची काठी होती, हातभर लांब, मधे साल तशीच आणि दोन्ही टोकं सुरीने तासलेली.

तुम्हाला सांगायला हवं, शिकारी हरणाचं पोट साफ केलं की छातीत आडवी काठी अडकवतात, आत हवा खेळावी म्हणून. लायन पुष्कळ काही करतं. नरडं धरतं, काळीज खातं, ताट झाकून ठेवतं. पण काठी तासून बरगड्यांत अडकवत नाही.

मला असं हसू फुटलं की मी उलट्या बादलीवर बसले. डोळ्यांपुढे रिक उभा, हौद्यावर चढून भाषण देणारा. काळीज आणि हृदय पहिल्या दिवशी कांद्यावर परतून कोण खातं? कोठा बाजूला कोण टाकतं? कावळ्यांपासून वाचवायला हरणावर गवत कोण ओढतं? गावातला प्रत्येक जुना शिकारी. आम्ही सगळ्यांनी मिळून साप म्हणून भुई धोपटली होती, आणि नखांची तारीफ मी केली होती. मी एकटीच त्या टांगलेल्या हरणांच्या मधे बसून हसत होते, हसू थांबेना, थोडं थांबलं की पुन्हा काठीकडे बघायची आणि पुन्हा सुरू.

मग हसू आपोआप ओसरलं, कारण ती काठी मी ओळखली. दोन्हीकडे एकाच घावात काढलेलं टोक, मधे साल. अशा काठ्या मी वॉल्टरच्या हरणांमधून कितीतरी काढल्या होत्या.

चर्चच्या बेसमेंटमध्ये कॉफी चालू होती. मी वॉल्टरला खुणेने बोलावलं, दुकानात आणलं आणि काठी पुढ्यात ठेवली. 

"तुम्हीच पाडलं ना?" मी विचारलं.

"एका गोळीत," तो म्हणाला. "मानेत. लांबून. काय सांगू तुला कार्म, असं हरीण मी चाळिशीत पाडलं नव्हतं. साफ केलं, झाकलं आणि ओढून आणायला बर्फावरची स्लेड घ्यायला घरी गेलो. तेवढ्यात बर्फ पडलं. परत गेलो तर प्रत्येक झाडी दुसरीसारखी. माझंच शेत, आणि मला सापडेना. अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशीही गेलो. वडिलांची सुरीसुद्धा तिथेच राहिली."

"मग काल का बोलला नाहीत? हरीण तुमचं आहे, हुकावर आहे. तुम्ही करार जिंकलात."

"जिंकलो?" तो म्हणाला. "माझं आहे म्हटलं की डोना विचारणार, मग इथे रिकच्या ट्रकमधून का आलं? आज हरीण हरवलं, उद्या स्वतः हरवाल, असं म्हणेल. आणि खरं सांगू, तिचं चुकणारही नाही. गप्प बसलो तर करार हरलो तरी लायन आहे हे सिद्ध होतं, माझे डोळे शाबूत ठरतात. फक्त माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत झकास हरीण त्या मांजराच्या नावावर जातं."

मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तिकडच्या माणसांना तसं चालत नाही. मी फक्त म्हटलं, मान सोलली की गोळीचं भोक काही लपणार नाही, पण हरीण कुणाचं ते मी सांगणार नाही. काठी माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात राहील, तुम्ही म्हणाल तेव्हा बाहेर येईल. तो "सोमवारपर्यंत बघू" म्हणाला आणि रिकने सांगितलेल्या जागी सुरी शोधायला गेला. रिकने त्याच जागी झाडाला कॅमेरा बांधून ठेवलाय, लायन परत येईल तेव्हा आपोआप फोटो निघेल म्हणून, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणी जाऊन श्रेय घेऊ नये म्हणून रिकने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

सोमवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ऑफिसर आली. तिने सोललेली मान पाहिली, बोट घालून पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "रिक, तुझ्या लायनकडे बंदूक आहे."

कुत्रापक्षाने असा गजर केला की खिडक्या वाजल्या. रिकचा चेहरा बघवत नव्हता. "कुणाचं हरीण आहे हे?" ऑफिसरने विचारलं. मी वॉल्टरकडे पाहिलं. तेवढ्यात दार उघडून डोना आत आली. सीझन संपला होता, ती बंदूक आणि वडील दोन्ही न्यायला आली होती. वॉल्टरने उघडलेलं तोंड मिटलं.

पण रिक हार मानणारा नव्हता. "थांबा," तो म्हणाला, "माझ्याकडे फोटो आहेत." आणि कॅमेऱ्यातलं कार्ड त्याने डेव्हच्या कॉम्प्युटरला लावलं. आम्ही सगळे त्यावर ओणवलो. पहिला फोटो, कावळा. दुसरा, तोच कावळा. मग ससा. मग एकदम गवतात काहीतरी मोठं, मातकट, गुबगुबीत, कॅमेऱ्याकडे पाठ करून चाललेलं.

"देअर ही इज," रिक म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला होता.

ऑफिसरसुद्धा पुढे वाकली. कुत्रापक्षात एकाने हातातली कॉफी सांडली. रिकने पुढचा फोटो लावला. लायन वळलं होतं. त्याने कानटोपी घातली होती.

पुढची काही मिनिटं नीट सांगता येणार नाहीत. कुणी काउंटरला धरून, कुणी एकमेकांना धरून, डेव्ह तर खाली बसला होता. गुडघ्यांवर रांगणाऱ्या वॉल्टरची कॅनव्हासची विजार सगळ्या स्क्रीनभर पसरली होती, आणि वॉल्टर स्वतः चष्मा लावून ती बघत होता. डोना तेवढी हसत नव्हती.

"डॅड," ती म्हणाली, "हे हरीण तुमचं आहे?"

डेव्ह फरशीवरून उठून उभा राहिला. मी खिशात हात घातला. वॉल्टरने माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी काठी काउंटरवर ठेवली.

"माझं आहे," तो म्हणाला. "मी पाडलं. आणि मीच हरवलं. माझ्या स्वतःच्या शेतात."

 डोना काठीकडे बघत होती. लहानपणी तिच्यापुढेच तर तासल्या असणार त्याने अशा काठ्या. आता ती काय म्हणणार, हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं, आणि कुणालाच ते ऐकायचं नव्हतं. काहीतरी करावं म्हणून रिकने, बिचाऱ्याने, पुढचा फोटो लावला.

फोटोत वॉल्टर उभा राहिला होता, हातात सुरी, चेहऱ्यावर हसू. आणि त्याच्या मागे, विलोच्या झाडीत, मासळी साफ करणाऱ्या बाईच्या मागे मांजर बसतं तसं, पायांभोवती शेपूट गुंडाळून लायन बसलं होतं. खरंखुरं, मातकट, वॉल्टरच्या पाठीकडे बघत.

रिकच्या तोंडून शब्द फुटेना. एवढी वर्षं वाट पाहिलेला माणूस, नेमका त्याच वेळी मुका झाला. मग सगळं दुकान एकदम बोलायला लागलं. ऑफिसर म्हणाली की कोठ्याच्या वासाने आलं असणार, फोटो मला पाठवा. बोलता बोलता तिचा आवाज चढला होता. कुत्रापक्षाचा एक म्हातारा रिकचा हात हातात घेऊन हलवत होता. मी जोरात वसईच्या बोलीत काय बोलले ते लिहीत नाही.

डोनाचा चेहरा पांढरा पडला होता. वॉल्टर स्क्रीनच्या अगदी जवळ गेला. "बघ किती धष्टपुष्ट आहे," तो म्हणाला. "मास्तर आहे तो." मग डोनाकडे वळला. "करार काय होता? माझं हरीण या दुकानात आलं पाहिजे. आलंय. हुकावर आहे. रिकने स्वतः उचलून आणलंय, पंधरा साक्षीदार आहेत."

डोनाला रडू आलं की हसू ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "ठीक आहे. बंदूक तुमची. पण तुम्ही एकटे जाणार नाही. मी येणार."

"तुला काय येतं त्यातलं?"

"काही नाही," डोना म्हणाली. "तुम्ही शिकवा."

वॉल्टरने थोडा विचार केला. "हरणंही हल्ली एकटी फिरत नाहीत," तो म्हणाला, आणि तिच्याशी पुन्हा एकदा हात मिळवला. ऑफिसरने हरणाला परवान्याचा टॅग न बांधल्याबद्दल त्याला चांगलं झापलं. झापताना तिला तोंड वळवून घ्यावं लागत होतं, कारण स्क्रीनवर कुणीतरी पुन्हा विजारीचा फोटो लावला होता. त्या हरणाचं अर्धं मटण 'कार्मेलिन स्पेशल'मध्ये गेलं, आणि पहिलं पाकीट वॉल्टरने रिकला दिलं.

आता डेव्हने दुकान विकलंय. आमच्या कोल्डरूममध्ये कुणी आइस्क्रीम ठेवतं असं ऐकलं. आम्हीही सस्काटूनला राहायला आलो, आणि माझ्या सुऱ्या कपाटात आहेत. नोव्हेंबर आला की हात शिवशिवतात, लपवत नाही. लायनने हरणं खाल्ली की हुशार केली, यावर तिकडे अजून भांडतात म्हणे, आणि मी तिथे कॉफी द्यायला नाही याची मला रुखरुख लागते.

पण दुकान बंद होण्याआधी एक सीझन झाला. त्या नोव्हेंबरात डोनाच्या ट्रकमधून एक लहानसं हरीण आलं. डोना काउंटरवर रिकला ते कसं पाडलं ते रंगवून सांगत होती आणि रिक, लायनवरचा अधिकारी माणूस, निमूट ऐकत होता. वॉल्टर माझ्यामागे कोल्डरूममध्ये आला. मी बरगड्या फाकवून काठी काढली. एक टोक एका घावात, स्वच्छ. दुसरं उंदराने कुरतडल्यासारखं, तिरपं, तीन-चार ठिकाणी घसरलेलं.

मी ते टोक त्याच्यापुढे धरलं आणि हसले. वॉल्टरने काठी हातात घेतली, त्या वेड्यावाकड्या टोकावरून अंगठा फिरवला, आणि दाराकडे, डोनाच्या आवाजाकडे बघितलं.

"शिकतेय," तो म्हणाला.